दीड सूत

पोलोग्राउंडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
नवल पांचाळनं हेरल्डचं अंग उचलून
चार ड्रमांवर ठेवलंय.
खाली उरलीय ती चौकट
जिच्यावर बसून आम्ही सगळं इंदूर फिरलो
आणि जी कधी पाहिली नव्हती.

माठ घेताना ठोकतात तसा
तो हातोडीनं ठोकत जातो, कान लावून.
टण्. टण्. टण्.
मग एका जागी भद्द.
"हे लोखंड नाही, ताई.
नुसता रंग उभा आहे."
पेचकस टोचला तर आरपार गेला.
पोपडे पडत राहिले
खाली अंथरलेल्या हिंदी पेपरवर,
कुणाच्या तरी उठावण्याच्या बातमीवर.

डाव्या अंगाचा आडवा हात,
मागच्या सीटखालचा, खरवडायला घेतला.
वर डांबर निघालं,
डांबराखाली लांबी,
लांबीखाली पत्रा,
पत्र्यावर अर्धं ताडाचं झाड:
वनस्पती तुपाचा पाच किलोचा डबा.
आणि रिव्हेटांची ओळ,
एकसारख्या अंतरावर,
खातेवहीत आकडे मांडावेत तशी.
ते अक्षरच होतं. मी ओळखलं.

मिल बंद पडली त्या वर्षी
बाबा रात्री जेवण झालं की
बॅटरी घेऊन खाली जायचे.
"गाडी बघून येतो."
आई म्हणायची, तिच्यात एवढं काय आहे बघण्यासारखं.
त्याच वर्षी नियम निघाला:
मागे एकानंच बसायचं, तेही उजवीकडे.
नंदिता रडली. शिरीष सायकल घेऊन निघून गेला.
मालूआत्याला राजवाड्यापर्यंत टेम्पोत बसवून दिलं,
ती वर्षभर बोलली नाही.
"सीटकव्हर नवं आहे," एवढंच बाबा म्हणाले.
आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो.
तोंडावर नाही,
पण घर लहान होतं.

नवल तो पत्रा भंगारात टाकणार होता.
थांबला. उलटा करून पाहिला,
अंगठ्यानं कोपरे चाचपले.
"ज्यानं कापलाय तो मिस्त्री नव्हता.
पण माप येत होतं त्याला."
मग दोन मिलीमीटरच्या कोऱ्या चादरीवर ठेवून
खडूनं भोवती रेघ ओढली.
नमुना आणणार तरी कुठून?
मद्रासचा कारखाना केव्हाच उठला.

कापण्याआधी त्यानं चौकटीला अँगल बांधले,
एक हाड काढताना दुसरं वाकू नये म्हणून.
वेल्डिंग इंचभर इथं, इंचभर तिथं.
सलग चालवलं तर लोखंड
आपल्या मनानं ओढ घेतं, म्हणाला.
मी भिंतीकडे तोंड करून उभी होते,
भिंतीवर माझी सावली
निळी होऊन विझत होती.

मग टेपचं टोक माझ्या हातात.
पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत.
आता उलट. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत.
फरक निघाला दीड सूत.
बाबांच्या खात्यात सूत म्हणजे
वीस नंबर, चाळीस नंबर, गाठी, तूट.
इथं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.
"पुन्हा कापायचं?"
"दीड सूत चालतं, ताई. वॉशर भरू.
नवी होती तेव्हा तरी कुठे सरळ होती?"

शिरीषला फोन केला.
नीट झाली की विकून टाक, म्हणाला.
पेट्रोलचा भाव सांगितला.
मी डब्याचं बोलले नाही.

तो पत्रा आता खिळ्यावर टांगलाय,
त्यावर खडूनं "पिछला बायाँ".
उद्या उलटा करून
उजव्या बाजूला वापरायचा आहे.

उजवी बाजू बाबांनी शाबूत धरली होती.
तिथं डांबर नाही, रिव्हेट नाही, काही नाही.
नवलनं ठोकलं
तर तिथूनही भद्द.

आणि तिथंच बसायची
ती मी. सगळ्यात लहान, सगळ्यात हलकी,
मांडीवर पोह्यांचा डबा,
पलासियाच्या चढावर
खिडकीबाहेर हात काढून.